शेवटच्या चौकटीतला एक शब्द

गावची पंगत बसली आहे. भाजलेली रानडुकरं एकामागून एक संपताहेत. कुणीतरी ओबेलिक्सला विचारतं, हेल्व्हेशिया कसा आहे? ओबेलिक्स म्हणतो, ‘सपाट.’

हेल्व्हेशिया म्हणजे आजचं स्वित्झर्लंड. आल्प्सच्या देशाला सपाट म्हणणारा हा शब्द मला कॉमिक्समधला सर्वांत आवडता शब्द वाटतो. तो लिहिणाऱ्या, ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच कॉमिक्समालेच्या लेखकाचं, रने गोसिनीचं कसब समजून घ्यायचं असेल, तर या शब्दापासून मागे मागे चालत जावं.

१९७० साली पुस्तकरूपात आलेल्या ‘ॲस्टेरिक्स इन स्वित्झर्लंड’मध्ये एका रोमन अधिकाऱ्यावर विषप्रयोग होतो. उताऱ्यासाठी गावचा जडीबुटीवाला पुजारी गेटाफिक्स याला आल्प्सच्या कड्यावर उगवणारं एडेलवाइसचं फूल हवं असतं. गावचा वीर ॲस्टेरिक्स आणि त्याचा धिप्पाड मित्र ओबेलिक्स ते आणायला निघतात. ऐन चढाईच्या वेळी ओबेलिक्स वाइन पिऊन गाढ झोपलेला. त्याला तिथे टाकून जाता येत नाही, म्हणून दोराला बांधून पोत्यासारखा ओढत डोंगर चढवतात. कडे, दऱ्या, बर्फ, सगळं आपल्याला दिसतं. ओबेलिक्सला काहीच दिसत नाही.

खरी करामत इथे आहे. डोंगरावर असताना एकही पात्र म्हणत नाही की ‘अरे, याला तर काहीच दिसत नाहीये’. तसं म्हटलं असतं तर वाचकाच्या डोक्यात त्या गोष्टीची नोंद झाली असती आणि शेवटचा शब्द येण्याआधीच फुटला असता. नवशिक्या लेखकाचा हात नेमका इथे घसरतो. पुढे विनोद येणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो आधीच बोट दाखवून ठेवतो. गोसिनी दोराला बांधलेल्या ओबेलिक्सकडे आपल्याला फक्त एक अडचण म्हणून बघायला लावतो. मग मध्ये पाठलाग होतो, फूल पोचतं, रोगी बरा होतो आणि आपण ती झोप विसरतो. ती पुरती विसरल्यावर प्रश्न येतो, आणि उत्तराला एकच शब्द. त्यावर कुणी कपाळाला हात लावत नाही, कुणी समजावून सांगत नाही.

कॉमिक्सबद्दल बोलताना कौतुक होतं ते बहुधा चित्रकाराचं. अल्बेर उदेर्झोची रेघ आहेच तशी, रोमन सैनिकाच्या पायातल्या वहाणा हवेत राहतात आणि सैनिक आधी उडालेला असतो, हे त्यानंच काढावं. लेखकाचं काम मात्र नीट झालं की दिसतच नाही. १९५९ च्या २९ ऑक्टोबरला ‘पिलोत’ या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात ॲस्टेरिक्स अवतरला. तेव्हापासून गोसिनीनं २४ पुस्तकं लिहिली. पुस्तकाला गोष्टीची ४४ पानं, पानाला साधारण चार पट्ट्या, म्हणजे चारशेच्या आसपास चौकटी. आधी गोष्टीचा सारांश, मग पानांची वाटणी, मग टाइपरायटरवर चौकटीगणिक मजकूर. डावीकडे चित्रात काय दिसावं, उजवीकडे कोण काय बोलतं. साप्ताहिकात गोष्ट तुकड्यातुकड्यानं छापली जायची, त्यामुळे प्रत्येक पानाच्या शेवटी वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवणारं काहीतरी हवं असायचं. पुस्तकरूपात सलग वाचताना हे जाणवत नाही. पण कुठलंही पान उघडून शेवटची चौकट पाहा. तिथे एखादा प्रश्न, धडक, दारातून आत आलेला माणूस किंवा निदान एखादी चांगली कोटी सापडते.

कोटी म्हटलं की पुणेकर वाचक सरसावून बसतो. शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर आपटले की ठिणगी कशी पडते, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण गोसिनीची सर्वांत चांगली कोटी शब्दांच्या पलीकडे चित्रात जाते. पहिल्या पुस्तकाचं पहिलंच पान घ्या. फ्रान्सच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात, तिथल्या प्राचीन गॉल लोकांचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याचं एक ठरलेलं दृश्य असतं: पराभूत व्हर्सिंजेटोरिक्सनं आपली शस्त्रं सीझरच्या पायांशी टाकली. गोसिनी हे वाक्य जसंच्या तसं घेतो. चित्रात शस्त्रांचा ढीग खरोखरच सीझरच्या पायांवर आदळतो आणि सीझर कळवळतो. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याचा एकही शब्द बदललेला नाही, तरी सगळा मोठेपणा त्या बोटांवर येऊन पडतो. गोसिनीचा जन्म १९२६ साली पॅरिसचा, पण बालपण गेलं ब्वेनोस आयरेसमध्ये, तिथल्या फ्रेंच शाळेत. आपले पूर्वज गॉल होते हे वाक्य तो अटलांटिकच्या पलीकडे, अर्जेंटिनाच्या उन्हात बसून शिकला. घरापासून इतक्या दूर शिकलेली वाक्यं माणूस नीट ऐकतो, असं मला वाटतं. ती जिथली तिथे कानावर पडत राहिली असती तर बहुधा ऐकूच आली नसती.

याच इतिहासाचा दुसरा तुकडा ‘चीफ्टन्स शील्ड’मध्ये येतो, १९६८ च्या पुस्तकात. इ.स.पू. ५२ मध्ये गॉल लोक सीझरविरुद्ध गेर्गोव्हियाला जिंकले आणि त्याच वर्षी अलेसियाला कायमचे हरले. पुस्तकात गेर्गोव्हियाचं नाव काढलं की प्रत्येक जण खुलून बोलतो. अलेसियाचं नाव काढलं की माणूस उखडतो: अलेसिया? कुठलं अलेसिया? कुणालाच ठाऊक नाही अलेसिया कुठे आहे ते! विनोदाला दुहेरी धार आहे. अलेसिया नेमकं कुठे होतं यावर विद्वानांत खरोखरच वाद होता. तिसऱ्या नेपोलियननं १८६० च्या दशकात आलीझ-सँत-रेन इथे उत्खनन करवलं, तरी दुसऱ्या जागांचे दावे चालूच राहिले.

मराठी वाचकाला हे पान आतून कळतं, कारण आपलंही एक अलेसिया आहे. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत. त्या धक्क्यानंतर त्याच वर्षी नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पण आपण दुसरी वाट धरली. गॉल म्हणतो, ठाऊक नाही. आपण ते नाव रोजच्या बोलण्यात घालून टाकलं. परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत पानिपत होतं. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ या वाक्यात विश्वासराव आणि भरवसा एकाच शब्दात मरतात, आणि ते वाक्य आपण उधारी मागणाऱ्यालाही ऐकवतो. जखमेवर कोटी करायची सवय आपल्याला गोसिनीच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

यातून माझ्या डोक्यात कायम एक खेळ चालतो: हे मराठीत करायचं झालं तर कसं करावं? पुण्यात बहुतेकांच्या हाती येतात ती अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांची इंग्रजी भाषांतरं, १९६९ पासूनची. ती इतकी चांगली आहेत की मूळ फ्रेंच आहे हे वाचकाच्या ध्यानातही राहत नाही. कुत्र्याचं मूळ नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. त्याचं त्यांनी डॉगमॅटिक्स केलं, अर्थ राखला आणि वर कुत्राही आणला. तरीही एका पुस्तकापाशी त्यांची वाट अडली, आणि तिथे मराठीला वाट मोकळी आहे.

ते पुस्तक ‘ॲस्टेरिक्स इन ब्रिटन’, १९६६ चं. मूळ फ्रेंचमध्ये ब्रिटन लोक फ्रेंचच बोलतात, पण वाक्यरचना इंग्रजीची. विशेषण नामाच्या आधी, वाक्याच्या शेवटी ‘नाही आहे का ते?’ची शेपटी. फ्रेंच कानाला ते भलतंच मजेदार लागतं. इंग्रजीत आणताना हा खेळ मुळातच संपतो, कारण इंग्रजी रचनेची इंग्रजी ही साधी इंग्रजीच असते. बेल आणि हॉकरिज यांनी त्याऐवजी जुन्या वरच्या वर्गाची खानदानी इंग्रजी वापरली. पर्याय सुरेख होता, पण खेळ बदलला. मराठीत मात्र मूळ खेळ पुरा खेळता येतो. आपलं क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीचं मध्ये. ते उचलून मध्ये आणलं की झालं: ‘मी मागतो आपली क्षमा!’ ‘हा पाऊस आहे थोडासा ओला, नाही आहे का तो?’ असं बोलणारा माणूस कुठल्या शाळेत शिकला ते मराठी वाचकाला लगेच कळेल.

पथ्य एकच आहे. ब्रिटन सोडून बाकी सगळ्यांची मराठी अगदी घरची, सरळ असली पाहिजे. ॲस्टेरिक्सच्या तोंडी एक जरी इंग्रजी वळणाचं वाक्य चुकून आलं तरी ब्रिटनांचा विनोद तिथेच फिका पडतो, कारण मग ते वाक्य पात्राचं राहत नाही, भाषांतरकाराची चूक होऊन बसतं. त्याच पुस्तकातली दुसरी जागा: ब्रिटन पाहुणा हात हलवू या म्हणतो आणि ओबेलिक्स त्याचा हात धरून त्याला अख्खा हलवून टाकतो. मराठीत हस्तांदोलन म्हटलं तर विनोद मेला. ‘हात हलवू या आपण’ असं इंग्रजीतून सरळ उचललेलं वाक्यच इथे पाहिजे.

याच गोष्टीत पेहरावाच्या कापडाची किंमत विचारल्यावर ब्रिटन उत्तर देतो की माझा शिंपी श्रीमंत आहे. इंग्रजीत वाचणारा ही ओळ सरळ ओलांडून जातो. फ्रेंच वाचक मात्र हसतो, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या एका गाजलेल्या फ्रेंच पाठमालेतलं हे अगदी सुरुवातीचं वाक्य. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांना हे सांगितलं की मग ते सगळी पुस्तकं नव्यानं चाळायला घेतात. मराठीत ही जागा भरायची तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेकडे वळावं. तिथली ठोकळेबाज वाक्यं जुन्या पिढीला तोंडपाठ आहेत.

नावांचा प्रश्न याहून गोड आहे. गॉलांची नावं -इक्सनं संपतात, रोमनांची -अस किंवा -उसनं, गॉथांची, म्हणजे प्राचीन जर्मनांची, -रिकनं. आता मराठी शब्दकोश उघडा. माणूस, पाऊस, कापूस, हौस, आळस. रोमन छावणी आपोआप उभी राहते: मार्कस कापूस, गायस आळस, टिबेरियस पाऊस. गॉथांसाठी तर संस्कृतनं कोठार भरून ठेवलंय: पारंपरिक, औपचारिक, व्यावहारिक, आंतरिक. मूळ पुस्तकात गॉथांचा एक म्होरक्या इलेक्ट्रिक आहे, त्याच्या शेजारी ‘औपचारिक’ सहज उभा राहील. बेसूर गाणाऱ्या भाटाला बेसुरिक्स म्हणता येईल. पण इथे हावरेपणा नको. नाव एकदा ठेवलं की चारशे चौकटींत ते पुन्हा पुन्हा येणार, हाक मारताना, ओरडताना, रडताना. पाच अक्षरांपुढे गेलं की संवादाच्या फुग्यात मावत नाही आणि तोंडात बसत नाही. एखादं नाव ठेवण्याआधी ते ‘पळा पळा’च्या पुढे लावून मोठ्यानं म्हणून पाहावं. अडखळलं तर सोडून द्यावं.

नात्यागोत्यांचं वेगळंच. ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्स यांच्यात अरे-तुरे, यात शंका नाही, ते भांडतानासुद्धा. भांडणात उलट ओबेलिक्सनं रुसून ‘अहो ॲस्टेरिक्सराव’ म्हणावं, म्हणजे रुसवा पुरता कळेल. गेटाफिक्सला सगळं गाव ‘तुम्ही’ म्हणेल. सरदाराची बायको नवऱ्याला चारचौघांत ‘अहो’ म्हणेल, आणि त्या एका ‘अहो’च्या सुरावरून त्याला आज घरी काय वाढून ठेवलंय ते कळेल.

एका ठिकाणी मात्र हात आवरलेला बरा. ‘चीफ्टन्स शील्ड’मधले फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतातले लोक मूळ फ्रेंचमध्ये ‘स’चा ‘श’ करतात. मराठीत तोच खेळ अगदी हाताशी आहे, म्हणूनच तो टाळावा. आपल्याकडे स-शच्या उच्चारावरून माणसाची जात काढायची वाईट खोड आहे, आणि गोसिनीच्या विनोदात प्रांताची गंमत असते, तुच्छता नसते. त्यापेक्षा एखाद्या प्रांताची हेल दाखवणारी वाक्याची शेपटी घ्यावी.

अक्षरांचा भाग कोरडा वाटेल, पण सगळं इथेच बिघडतं. फुगे काढलेले असतात रोमन लिपीच्या मापानं. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते. इंग्रजीच्या चार ओळी बसतात तिथे वाचता येतील अशा तीनच बसतात. अक्षर बारीक करून चार कोंबल्या की उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मार्ग एकच: वाक्य छोटं करा. फुगा लंबगोल असतो, म्हणून वरची आणि खालची ओळ आखूड, मधली लांब. ‘नाही’ कधी एकटं पुढच्या ओळीत ढकलू नये. ‘मी घाबरत’ एवढं वाचून डोळा क्षणभर थांबला की अर्थ उलटा होतो.

गॉथांचे संवाद मूळ पुस्तकात जुन्या जर्मन काळ्या अक्षरांत आहेत. इथे मोडी वापरावी असं पुण्यात कुणालाही सुचेल. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवतात. तरी ते चुकीचं ठरेल. काळी जर्मन अक्षरं फ्रेंच वाचकाला कष्टानं का होईना वाचता येतात. परकी वाटतात पण कळतात, हीच तर गंमत. मोडी आज बहुतेकांना वाचताच येत नाही. बोरूनं लिहिलेल्या पोथीसारखं जाड, वळणदार देवनागरी घेतलं तर मूळचा परिणाम साधेल. इजिप्तच्या चित्रलिपीला मात्र हात लावू नये, ती सगळ्यांनाच सारखी न कळणारी आहे.

आणि ‘सपाट’? तो मराठीत फुकट मिळतो, फक्त पुढे ‘आहे’ लावायचं नाही. मराठी वाक्य क्रियापदानं संपतं, त्यामुळे हशाचा शब्द नेहमी शेवटून दुसरा पडण्याचा धोका असतो. ‘सपाट आहे’ म्हटलं की हसू ‘आहे’पाशी येऊन थांबतं. जमेल तिथे क्रियापद गिळावं, जमत नसेल तिथे वाक्य फिरवून घ्यावं.

चित्र आणि शब्द यांच्या सीमेवर गोसिनीनं केलेला एक प्रयोग मला थक्क करतो. ‘रोमन एजंट’ हे १९७० चंच पुस्तक. सीझर गावात एक माणूस पाठवतो, ज्याच्या नुसत्या असण्यानं माणसं भांडू लागतात. तो येऊन ॲस्टेरिक्सला फुलदाणी भेट देतो, गावातल्या सर्वांत महत्त्वाच्या माणसासाठी म्हणून. बस. त्यानंतर गावात एकच प्रश्न उरतो, मग सरदार कोण? आणि भांडण पेटलं की संवादांचे फुगे हिरवे होतात. शब्द तेच, रंग बदलला. एका हिरव्या फुग्यात सभ्य वाक्य असलं तरी त्यातलं विष दिसतं. हा रंग फार वेळा वापरला असता तर सजावट झाली असती. तो या एकाच गोष्टीचा आहे, म्हणून लक्षात राहतो.

पुनरावृत्तीचंही तसंच. समुद्रावरचे चाचे दरवेळी बुडतात, हे ठरलेलं. म्हणून बुडण्याचं कारण दरवेळी नवं. कॉर्सिकाच्या पुस्तकात जहाज उडतं ते चीजनं. एका खेपेला चाचे घाबरून स्वतःच आपलं जहाज बुडवतात. शेवट पक्का, वाट नवी. पंगतीचंही असंच. भाटाला बांधून ठेवून गाव जेवतं, हे इतकं पक्कं की ‘नॉर्मन्स’मध्ये तोच भाट मानानं गातो आणि बांधलेला असतो लोहार, तेव्हा एका चित्रात सगळी गोष्ट परत सांगून होते.

कुत्र्याची जागा राहिली. ‘ॲस्टेरिक्स ॲण्ड द बँक्वेट’मध्ये दोघं मित्र गॉलभर फिरून गावोगावचे पदार्थ गोळा करतात. लुटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसमध्ये, एका मांसाच्या दुकानासमोर एक छोटा पांढरा कुत्रा बसलेला असतो. तो मागे चालू लागतो. पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक मारामारीत, चौकटीच्या कोपऱ्यात तो असतो. कुणी त्याला बघत नाही, कुणी त्याच्याशी बोलत नाही, त्याला नावही नाही. मोठी माणसं संवाद वाचत पुढे जातात, लहान मूल मात्र त्याला पहिल्यांदा शोधतं आणि मग पान उलटायला देत नाही. तो पंगतीत पोचतो तेव्हा ओबेलिक्सचं लक्ष जातं, आणि त्याला एक हाड मिळतं. नाव नंतर आलं, ‘पिलोत’नं वाचकांकडून मागवलेलं.

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे पुस्तक हाती लागलं तर शेवटचं पान आधी बघू नका. लुटेशियातलं ते दुकान शोधा आणि तिथून त्या कुत्र्यावर बोट ठेवून चालत राहा.